‘मॉम’, मागे वाजणारा हशा आणि माझी एक चिठ्ठी

2020 च्या उन्हाळ्यात माझ्या लेकीने मला एक अमेरिकन विनोदी मालिका दाखवायला घेतली. दुसऱ्या सीझनपर्यंत पोचलो आणि एका रात्री मी लॅपटॉप मिटवून स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. लेकीला वाटलं, पाणी प्यायला गेले. पडद्यावर जे चाललं होतं ते मी केलेलं होतं. पेशंटच्या जागी मी नव्हते, तर त्या पेशंटला गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरच्या जागी होते.

नेहमी इथे मी थायरॉइड, बीपी, पित्त अशा विषयांवर लिहिते. आजही माहितीच द्यायची आहे, पण ती या मालिकेच्या आणि माझ्या एका चुकीच्या वाटेने येईल. ज्या मायलेकींबद्दल पुढे लिहिलं आहे त्यांना विचारून लिहिते आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदललेले आहेत.

मालिकेचं नाव ‘मॉम’. सीबीएस वाहिनीवर 2013 ते 2021 अशी आठ सीझन चालली. क्रिस्टी (ॲना फॅरिस) ही तिशीतली, दोन मुलांची एकटी आई, हॉटेलात वेट्रेस. नुकतीच दारू सोडलेली. तिची आई बॉनी (ॲलिसन जॅनी), तिनेही दारू आणि ड्रग्ज सोडलेले. क्रिस्टीच्या लहानपणी बॉनी शुद्धीत असण्यापेक्षा नशेतच जास्त असायची, त्यामुळे लेकीच्या मनात आईबद्दल जे साठलं आहे ते विचारू नका. पहिल्याच भागात क्रिस्टी रडत रडत ऑर्डरी घेताना दिसते. पुढे दोघी एका घरात राहायला लागतात, एकाच मीटिंगला जातात आणि एकमेकींना टोमणे मारत मारत दिवस काढतात. मागे हशा वाजत असतो. मला सुरुवातीला तो हशा खटकला. दारू सोडलेल्या बाईवर हसायचं कसलं? पाच-सहा भागांनंतर लक्षात आलं की त्या दोघीच स्वतःवर हसताहेत, आणि आपण त्यांच्यासोबत.

मालिका घडते कॅलिफोर्नियातल्या नापा इथे. नापा म्हणजे अमेरिकेतला वाइनचा प्रदेश, चहूकडे द्राक्षमळे. दारू सोडलेली बाई दिवसभर लोकांच्या ग्लासात वाइन ओतते आणि रात्री मीटिंगला जाते. माझा दवाखाना नाशिकमध्ये आहे, त्यामुळे हा विनोद मला जरा जास्तच कळला. आमच्याकडेही आता द्राक्षाच्या मळ्याशेजारी वाइनरी आहे, शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्या रांगेने येतात. ‘वाइन म्हणजे काय, द्राक्षाचा रसच की,’ असं सांगणारे पेशंट मला आठवड्याला एक तरी भेटतात. लिव्हरला तो फरक कळत नाही. त्याला अल्कोहोल मोजता येतं, बाटलीवरचं चित्र दिसत नाही.

आम्ही मालिका बघत होतो तो काळही आठवा. मार्चअखेर एका रात्रीत सगळं बंद झालं, दारूची दुकानंही. पुढच्या आठवड्यात माझ्याकडे घाबरलेल्या घरच्यांचे फोन सुरू झाले. कोणाचे हात थरथरतायत, कोणी रात्रभर झोपला नाही, कोणाला भिंतीवर मुंग्या दिसतायत, एकाला तर फिट आली. याला विथड्रॉवल म्हणतात. रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या दाबाखाली काम करायला शिकलेला असतो. तो दाब एकदम निघाला की मेंदू बेफाम पेटतो. सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम, मळमळ. पहिल्या दोन दिवसांत फिट येण्याचा धोका. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काहींना भ्रम, ताप, छातीत धडधड, आणि हे जिवावर बेतू शकतं. म्हणून रोज खूप पिणाऱ्या माणसाची बाटली घरच्यांनी रागाने मोरीत ओतून ‘आजपासून बंद’ असं करू नये. बंद करायची आहेच, पण डॉक्टरांना सांगून. पहिले काही दिवस औषधांचा आधार लागतो, बी-वन जीवनसत्त्व द्यावं लागतं, काहींना दाखल करावं लागतं. मेच्या सुरुवातीला दुकानं उघडली तेव्हाच्या रांगा टीव्हीवर बघून सगळे हसत होते. त्या रांगेत माझे दोन पेशंट होते, आणि मला त्यांचं हसू येत नव्हतं.

पण ते सगळे पुरुष होते. फोन करणाऱ्या बायका आणि पिणारे पुरुष. ‘मॉम’मधल्या मीटिंगच्या गोल टेबलाभोवती मात्र बायकाच बायका. साठीपुढची, मांजरं पाळणारी, सगळ्यांना सांभाळून घेणारी मार्जरी. पैशात लोळणारी, घटस्फोट झालेली जिल. उठल्याबसल्या रडणारी वेंडी, ती तर नर्स. पुढे तुरुंगातून सुटून आलेली टॅमी येते. ते काम करणारी क्रिस्टन जॉन्स्टन प्रत्यक्ष आयुष्यातही दारू आणि वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनातून बाहेर आलेली आहे, तिने त्यावर पुस्तकही लिहिलं आहे. अशा बायका आपल्याकडे नाहीत असं मी वीस वर्षं प्रॅक्टिस करून समजत होते. मी कधी विचारलंच नव्हतं, त्यामुळे कोणी सांगितलंही नव्हतं.

आता मालतीताई.

2016 मधली गोष्ट. सत्तावन्न वर्षांच्या, शाळेतून नुकत्याच निवृत्त झालेल्या, स्टार्च केलेली कॉटनची साडी, पर्समध्ये जुने सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावलेले. कंबर धरली होती, कळ डाव्या पायात जात होती. माझ्याकडे पहिल्यांदाच आल्या होत्या, आमच्या भागात लेकीकडे राहायला आल्या म्हणून. मी विचारलं, डायबेटिस? नाही. बीपी? थोडं. ॲलर्जी? नाही. ऑपरेशन? सिझेरियन एक. तपासलं, सायटिकाच होता. दोन रात्री झोप नव्हती. नेहमीच्या गोळ्यांनी पित्त होतं म्हणाल्या, म्हणून मी पॅरासिटामॉल आणि ट्रमाडॉल एकत्र असलेली गोळी लिहून दिली. दिवसातून दोनदा, पाच दिवस. व्यायाम सांगितले. दहा गोळ्यांची ती चिठ्ठी.

त्यांच्या जागी सत्तावन्न वर्षांचा पुरुष असता तर मी सवयीने विचारलं असतं, ‘काही घेता का? तंबाखू, दारू?’ फॉर्मवर ती ओळच आहे. बायकांच्या वेळी माझं पेन त्या ओळीवरून पुढे सरकायचं. मास्तरीण बाईंना कसं विचारायचं? त्यांना काय वाटेल? खरं तर त्यांना काय वाटेल यापेक्षा मला कसं वाटेल, हाच प्रश्न असावा.

मालतीताईंनी सहा वर्षांपूर्वी दारू सोडली होती. त्यांचे यजमान घेत असत, त्यांच्यासोबत ‘कंपनी म्हणून’ सुरू झालं. ते गेल्यावर एकट्याने चालू राहिलं, आधी रात्री, मग शाळेतून आल्या आल्या. नातेवाइकांत ‘मालतीला पित्ताचा फार त्रास’ असं सांगितलं जायचं. लेकीने, शुभदाने, बारावीच्या वर्षात स्वतः स्वयंपाक करून, आईला उठवून, साडी नेसवून शाळेत पाठवल्याचे दिवस काढले आहेत. 2010 मध्ये उपचार घेतले आणि सुटली. हे सगळं मला नंतर कळलं.

बॉनीचीही पाठ दुखावते. मालिकेचा दुसरा सीझन. दुखणं खरं असतं, गोळ्या रीतसर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आलेल्या असतात. दारूच्या थेंबाला शिवलेली नसते ती. आणि त्या गोळ्यांवरून घसरते. माझ्या लेकीने विचारलं, ‘पण ही तर दारू सोडलेली होती ना? गोळ्यांनी कसं काय?’

हा प्रश्न मला पेशंटही विचारतात, म्हणून जरा थांबून सांगते. आपल्या मेंदूत सुखाची नोंद ठेवणारी एक यंत्रणा असते. चांगलं जेवण, शाबासकी, लेकराचं हसणं, सगळ्यांची नोंद तिथे होते, डोपामिन नावाच्या रसायनातून. दारू, अफूच्या कुळातली औषधं, निकोटिन, जुगार, प्रत्येकाची वाट वेगळी असली तरी सगळे शेवटी याच यंत्रणेला धक्का देतात, आणि जेवणाच्या किंवा शाबासकीच्या कितीतरी पट जोरात. वारंवार धक्के बसले की ती यंत्रणा बदलते. साध्या सुखांना ती दाद देईनाशी होते आणि त्या एका गोष्टीचा इशारा मिळाला की जागी होते. दारू सोडल्यावर बराचसा बदल भरून येतो, पण त्या वाटेची आठवण पुसली जात नाही. ट्रमाडॉल हे अफूच्या कुळातलं औषध आहे. बहुतेकांना त्याने फक्त दुखणं थांबतं, थोडी झोप येते, मळमळतं. ज्याच्या मेंदूत ती जुनी वाट आहे त्याला दुखणं थांबण्याबरोबर आणखी काहीतरी मिळतं. मालतीताईंनी मला पुढे त्यांच्या शब्दांत सांगितलं, ‘डॉक्टर, तिसऱ्या दिवशी मला बरं वाटलं. कंबरेला नाही. मला.’

मालिकेत क्रिस्टीची हीच गोष्ट जुगारात दिसते. दारूला हात लावत नाही, पण घरभाड्याचे पैसे जुगारात घालवते आणि सगळं कुटुंब घराबाहेर पडतं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या नियमपुस्तिकेत जुगाराला दारू आणि ड्रग्जच्या पंगतीला बसवलं गेलं ते 2013 मध्ये, ही मालिका सुरू झाली त्याच वर्षी. तेव्हा दारू सोडलेला माणूस मोबाइलवर रमी खेळत बसला असेल तर ‘चला, निदान पीत तरी नाही’ असं म्हणून दुर्लक्ष करू नका.

शुभदा माझ्याकडे आली ती पाच महिन्यांनी. हातात कापडी पिशवी. टेबलावर उलटी केली तर रिकाम्या स्ट्रिप्सचा ढीग, आणि वर माझी ती चिठ्ठी. घड्या घालून घालून मध्ये फाटलेली, सेलोटेप लावून जोडलेली. दहा गोळ्यांची. ती वेगवेगळ्या दुकानांत दाखवून पाच महिने गोळ्या आणल्या गेल्या होत्या. दिवसाला आठ-दहापर्यंत गेल्या होत्या. (2018 मध्ये ट्रमाडॉल अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं आणि नियम कडक झाले. पण तेव्हाही जुन्या चिठ्ठीवर ते द्यायला नकोच होतं. तो दोष दुकानांचा. पहिली चिठ्ठी माझी.) त्या गोळीत पॅरासिटामॉलही होतं, म्हणजे लिव्हरवर तोही भार. आणि महिन्याभरापासून घरात पुन्हा बाटली सापडली होती.

शुभदा माझ्यावर चिडली नाही. चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती म्हणाली, ‘मॅडम, आम्ही तुम्हाला सांगायला हवं होतं. आई म्हणाली नको, आता सहा वर्षं झाली, कशाला प्रत्येकाला सांगायचं.’ मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही. बहुधा मी ट्रमाडॉल एकदम बंद करू नका, फिट येऊ शकते, असं काहीतरी शास्त्रीय सांगितलं. ते खरंही होतं. मोठ्या डोसवर असताना हे औषध हळूहळू, देखरेखीखालीच कमी करावं लागतं. पण तेव्हा ते मी स्वतःला लपवण्यासाठी बोलत होते. ‘मी विचारलं नाही, माझं चुकलं,’ हे वाक्य मी तिला म्हणाले ते चार वर्षांनी, त्या रात्री लॅपटॉप मिटवल्यानंतरच्या आठवड्यात, फोन करून.

मालतीताई दाखल झाल्या, बऱ्या झाल्या. त्या बऱ्या होण्याबद्दल मालिकेतली एक गोष्ट मला फार पटली. इतर सिनेमांत व्यसनमुक्ती म्हणजे शेवटची दहा मिनिटं. माणूस रडतो, बाटली फोडतो, संगीत वाजतं, संपलं. इथे सुरुवातच सोडल्यानंतर होते आणि आठ सीझन, 170 भाग, रोजचं भांडं घासल्यासारखं चालूच राहतं. मीटिंग, कॉफी, भांडण, माफी, पुन्हा मीटिंग. डायबेटिसच्या पेशंटला मी सांगते की साखर नॉर्मल आली म्हणजे डायबेटिस गेला नाही, तो ताब्यात आहे. तसंच हे. आणि साखर पुन्हा वाढली तर आपण पेशंटला घराबाहेर काढत नाही. कुठे चुकलं ते बघतो, औषध बदलतो. घसरलेल्या माणसाला मात्र सगळे एका सुरात म्हणतात, ‘बघितलं? मी सांगितलं नव्हतं?’

एका बाबतीत घसरणं डायबेटिसपेक्षा कितीतरी घातक असतं, आणि मालिकेने ते झाकलेलं नाही. तिसऱ्या सीझनमध्ये जोडी नावाची एक कोवळी मुलगी येते. क्रिस्टी तिचा हात धरते, तिला सावरायला लागते. मुलगी छान सुधारत असते. आणि एके दिवशी ओव्हरडोसने मेल्याची बातमी येते. त्या भागात हशा जवळजवळ नाहीच. का मरतात अशी माणसं, तेही सुधारत असताना? शरीराला ड्रगची सवय झालेली असते तेव्हा ते मोठा डोसही पचवतं. काही आठवडे बंद राहिलं की ती सहनशक्ती उतरते. मग माणूस एका कमकुवत क्षणी जुन्याच मापाने घेतो, आणि ते माप आता त्याचा श्वास थांबवायला पुरेसं असतं. ब्राउन शुगर, अफूच्या कुळातल्या गोळ्या, इंजेक्शनं यांच्या बाबतीत केंद्रातून किंवा तुरुंगातून सुटून आल्यानंतरचे पहिले काही आठवडे म्हणून सगळ्यात धोक्याचे. घरात असं कोणी परत आलं असेल तर त्याला एकटं, दार बंद करून झोपू देऊ नका. श्वास संथ झाला, ओठ निळे पडले, हाक मारून उठत नसेल तर ‘झोपू दे’ म्हणू नका, 108 ला फोन करा.

बायकांच्या शरीराबद्दलही एक सांगायला हवं. सारख्याच वजनाच्या बाई आणि पुरुषाने सारखीच दारू घेतली तरी बाईच्या रक्तात ती जास्त चढते, कारण तिच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं आणि जठरात दारू फोडणारं एन्झाइमही कमी. लिव्हर बिघडायला कमी वर्षं पुरतात. आणि ती उपचाराला येते ती उशिरा, कारण तोवर सगळं घर ‘पित्त’ सांगत असतं.

व्यसनाचा धोका घराण्यातून उतरतो का, हाही नेहमीचा प्रश्न. जुळ्यांच्या आणि दत्तक मुलांच्या अभ्यासांतून दिसतं की साधारण निम्मा धोका जनुकांचा असतो. उरलेला घर, मित्र, वय, मिळण्याची सोय आणि मनावरच्या जखमा यांचा. मालिकेत ही साखळी चार पिढ्यांची आहे. बॉनीला तिच्या आईने लहानपणीच टाकलेलं, ती परक्यांच्या घरांत वाढलेली. (ती आई तिसऱ्या सीझनमध्ये भेटते. एलन बर्स्टिनने ते काम केलं आहे. दोघींमधलं ते थंड बोलणं मी दोनदा पाहिलं.) बॉनी कोवळ्या वयात क्रिस्टीची आई होते, क्रिस्टी कोवळ्या वयात व्हायलेटची, आणि पहिल्या सीझनमध्ये व्हायलेटही गरोदर राहते. पण व्हायलेट बाळ दत्तक देते. निर्णय सोपा नाही, कोणी टाळ्या वाजवत नाही. पण साखळीची एक कडी तिथे वेगळी पडते.

आणि हीच व्हायलेट पुढे आईपासून तुटते. सहाव्या सीझनमध्ये ती परत दिसते ती आपल्या बालपणाचे हाल सांगणारा पॉडकास्ट करणारी मुलगी म्हणून. क्रिस्टी तोवर कित्येक वर्षं दारूशिवाय आहे, वकिलीच्या शिक्षणाच्या मागे आहे, लोकांचे संसार सावरते आहे. तिला वाटतं, आता तरी. पण लेकीला माफ करायचं नाही. मालिकेने तिला जबरदस्तीने आईच्या गळ्यात पाडलेलं नाही, याबद्दल मला लेखकांचे आभार मानावेसे वाटतात. आपल्याकडे हे फार होतं. आई सुधारली, आता तू विसर. तुझीच आई ना? माझ्या टेबलासमोर बसून मावशा, काकवा शुभदाला हे सांगून गेल्या आहेत. दारू सोडणाऱ्याच्या मेंदूला सावरायला महिने, वर्षं लागतात हे आम्ही समजावून सांगतो. जिने बारावीच्या वर्षात आईच्या तोंडाचा वास घेऊन मग दप्तर उचललं तिच्या मेंदूलाही वेळ लागेल, हे कोणी सांगत नाही. तिची झोप, तिची दचकण्याची सवय, फोन वाजला की पोटात येणारा गोळा, या तक्रारींनाही उपचार आहेत. समुपदेशन हे पिणाऱ्याइतकंच घरच्यांसाठीही असतं.

ज्या मीटिंगांभोवती मालिका फिरते ती संस्था म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस. 1935 मध्ये ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावी दोन दारुड्यांनी सुरू केली. एक शेअरबाजारातला, आणि दुसरा चक्क सर्जन. (आम्हा डॉक्टरांनी हे विसरू नये.) फी नाही, आडनाव विचारायचं नाही, आपली गोष्ट सांगायची आणि दुसऱ्याची ऐकायची. महाराष्ट्रात यांच्या मीटिंगा मराठीत चालतात. घरच्यांसाठी अल-अनॉन नावाचे वेगळे गट आहेत. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये सुरू केलेलं मुक्तांगण तुम्हाला माहीत असेलच. तिथे बायकांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग आहे, हे मात्र माझ्या बहुतेक पेशंटना माहीत नसतं. मलाही 2016 पर्यंत माहीत नव्हतं. कुठून सुरुवात करायची कळत नसेल तर 14446 हा सरकारचा व्यसनमुक्तीसाठीचा मोफत फोन नंबर आहे.

एक तक्रार मात्र आहे. मालिका बघून असं वाटेल की मीटिंगा आणि मैत्रिणी एवढंच औषध. ते औषध आहेच. पण दारूची ओढ कमी करणारी नालट्रेक्सोन, ॲकॅम्प्रोसेट अशी खरीखुरी औषधंही आहेत, ती मानसोपचारतज्ज्ञ देतात आणि अनेकांना उपयोगी पडतात. औषध घेणं म्हणजे इच्छाशक्ती कमी पडली असं नव्हे. डायसल्फिरामही आहे, पण ते घेतलं असताना दारू प्यायली तर जबर त्रास होतो, म्हणून ते पेशंटला न सांगता आमटीत मिसळून देणं हा घरगुती उद्योग कृपा करून करू नका. माझ्याकडे असा एक पेशंट कोसळलेल्या अवस्थेत आणलेला आहे.

आता माझ्या फॉर्मवरची ती ओळ मी प्रत्येकाला विचारते. कडक साडीतल्या बाईंना, आजींना, कॉलेजच्या मुलींना. दारू, तंबाखू, मिश्री, झोपेच्या गोळ्या, खोकल्याचं औषध, सगळं एका दमात, पत्ता विचारावा तशा आवाजात. कोणी ‘क्वचित’ म्हणालं तर आणखी चार प्रश्न. कमी करायला हवी असं कधी वाटलं का? कोणी त्यावरून बोललं की राग येतो का? त्याबद्दल कधी अपराधी वाटतं का? सकाळी उठल्या उठल्या हात स्थिर व्हायला घ्यावी लागते का? दोनांना ‘हो’ आलं की आम्ही खुर्ची जरा जवळ ओढून बोलतो. चार वर्षांत तीन बायका माझ्यावर रागावल्या, एक पुन्हा आली नाही. ज्यांनी खरं सांगितलं त्यांचा आकडा याहून बराच मोठा आहे.

आणि तुम्ही स्वतः व्यसनातून बाहेर आलेले असाल, तर नव्या डॉक्टरला, दाताच्या डॉक्टरला, ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञाला हे सांगा, कितीही वर्षं झालेली असोत. याचा अर्थ दुखणं सोसत बसायचं असा मुळीच नाही. मोठ्या ऑपरेशननंतर कडक वेदनाशामक लागलं तर ते द्यायलाच हवं. फक्त दिवस मोजून, गोळ्या मोजून, आणि स्ट्रिप दुसऱ्याच्या हाती ठेवून.

मालतीताई गेल्या महिन्यात आल्या होत्या, शुभदाबरोबर. गोळ्या सुटल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. गुडघे दुखतात, त्यासाठी पॅरासिटामॉल आणि फिजिओथेरपी चालू आहे. या वेळी प्रश्न वेगळाच होता. शेजारच्या वहिनींनी ‘अशक्तपणा आलाय तुम्हाला’ म्हणत प्रेमाने द्राक्षासवाची बाटली दिली होती. आसव-अरिष्टांत आंबवण्याच्या प्रक्रियेत अल्कोहोल तयार होतो, हे शुभदाने कुठेतरी वाचलं होतं. मी म्हटलं, बरोबर वाचलंस, आईला हे द्यायचं नाही.

‘मी उघडली नाही हं,’ मालतीताई म्हणाल्या. ‘आली तशी पिशवीत टाकून आणली.’

शुभदाने बाटली माझ्यासमोर ठेवली. ‘मॅडम, सील बघता का जरा?’

मालतीताईंचा चेहरा पडला. एक क्षणभर मला वाटलं, आता रडतील किंवा ओरडतील. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, ‘बघू दे. बघा तुम्ही, डॉक्टर.’

मी चष्मा लावून बघितलं. सील शाबूत होतं. तसं सांगितलं, बाटली माझ्या खणात टाकली आणि मालतीताईंच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधायला घेतला.